भागूबाईची डावी बाजू

"हुबेहूब! अगदी हुबेहूब!" सगळ्यांत आधी मुलगा इंद्रजीत म्हणाला. मग त्याची बायको अमृता म्हणाली. आणि भागूबाईला जन्मात एकदाही न पाहिलेला त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर सोमनाथ, त्यानंही मान डोलावून तेच म्हणून टाकलं. आता ज्याला ठाऊक नाही त्यानं गप्प बसावं की नाही? पण छे! पुतळा दिसला की माणसाच्या तोंडून 'हुबेहूब' आपसूक निघतं, जसं लग्नात 'जोडा शोभतो' निघतं. गप्प होते ते एकटे आप्पासाहेब, आणि बायको तर त्यांची होती.

शहरात शहागंजच्या मागच्या गल्लीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये पूर्वी चांदपाशा पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आता तिथं त्यांची मुलगी तबस्सुम पुतळे घडवते. पोरगी चित्रकलेच्या कॉलेजात शिकलेली. आठवड्यातून दोन दिवस पहिल्या वर्षाच्या मुलांना 'कलेची ओळख' नावाचा विषय शिकवते आणि उरलेले दिवस कोपरापर्यंत मातीत असते. तिच्यासमोर लाकडी घोडीवर भागूबाईचा मातीतला पुतळा होता, छातीपासून वरचा. माती अजून ओली होती. घरच्यांनी पसंत केला की साचा काढायचा, फायबरमध्ये ओतायचा, वरून तांब्याचा रंग द्यायचा, असं ठरलेलं.

तिकडं करमाडला आप्पासाहेबांच्या शेतात, विहिरीजवळच्या कडुलिंबाखाली, चौथरा बांधून तयार होता. त्या पट्ट्यात रस्त्याच्या कडेला असे चौथरे आता बरेच दिसतात. कुणाचा आजा, कुणाचा बाप, फेटा बांधून, मिशा पिळून वाहनांकडं बघत बसलेला. सगळे बाप्ये. भागूबाईच्या दहाव्यालाच आप्पासाहेब भावकीत उठून म्हणाले होते, "बाप्यांनीच काय पुण्य केलंय? माझ्या बायकोचा पुतळा बसंल. वर्षश्राद्धाला बसंल." भावकी एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिली. म्हाताऱ्याचं फिरलं, असं मागं कुणी कुणी बोललंही. पण आप्पासाहेबांनी एकदा म्हटलं की म्हटलं. आणि आता वर्षश्राद्ध महिन्यावर आलं होतं.

"आप्पा, बोला की काहीतरी," इंद्रजीत म्हणाला.

आप्पासाहेबांनी पुतळ्याकडं नीट पाहिलं. सरळ चाफेकळी नाक, पातळ ओठ, नथ, गळ्यात ठुशी, पैठणीचे काठ. मग त्यांनी तबस्सुमकडं पाहिलं. "ही कोन बाई हाय?"

इंद्रजीतचं तोंड उतरलं. तबस्सुम मात्र रागावली नाही. फडक्याला हात पुसत म्हणाली, "काय चुकलं ते सांगा, चाचा. माती ओली आहे. सगळं बदलता येतं."

"ही आमची नाय."

"बरं. मग तुमची कशी होती? नाक कसं होतं?"

"नाक..." आप्पासाहेब अडखळले. "नाकासारखं नाक व्हतं."

"सरळ? बसकं?"

"वास घ्यायापुरतं व्हतं की."

सोमनाथ फिसकन हसला. आप्पासाहेबांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो गाडी बघायला बाहेर निघून गेला.

"कपाळ?"

"कुकू मावंल येवढं."

"ओठ? जाड, पातळ? हसताना दात दिसायचे?"

"दात व्हते. समदे व्हते. एक पडला व्हता... का दोन." टोपी काढून त्यांनी डोकं पुसलं.

"आणि डोळे?" तबस्सुमनं आवाज मऊ करून विचारलं.

बैलाच्या शिंगाची वळणं सांगता येणारा हा माणूस, वीस वर्षांपूर्वी विकलेल्या म्हशीच्या कपाळावरचा चांद अजून बोटानं हवेत काढून दाखवणारा. आणि बायकोचे डोळे? आप्पासाहेब खाली बघत म्हणाले, "चांगले व्हते." आणि काठी घेऊन बाहेर पडले.

आता यात खरा घोळ कुणी घातला होता ते सांगतो. घोळ घातला होता फोटोनं.

भागूबाईला फोटोचं वावडं होतं. कुणी मोबाईल वर केला की ती मान फिरवून कामाला लागायची. ती गेली तेव्हा घरात तिचा एकच धड फोटो निघाला, आधार कार्डावरचा, आणि आधार कार्डावर भलाभला माणूस चोर दिसतो हे काय सांगायला हवं? इंद्रजीत तो घेऊन स्टुडिओत गेला. स्टुडिओवाल्यानं भागूबाईचं तोंड उचलून एका पैठणीतल्या तयार अंगावर बसवलं. नथ घातली, ठुशी घातली, रंग चांगला दोन हात उजळ केला, गालाच्या सुरकुत्या पुसल्या, नाक जरा ओढून सरळ केलं. आपल्याकडं गेलेल्या माणसाला असं सजवून भिंतीवर लावायची रीतच पडली आहे. सगळ्या गावानं कौतुक केलं, "म्हातारी काय झकास दिसायलीय!" बाईला जिवंतपणी लाल मातीतल्या कांद्यात वाकलेली पाहिलेल्या बायकाही तेच म्हणाल्या.

आप्पासाहेब रोज सकाळी त्या फोटोपुढं दिवा लावत. अगरबत्ती लावत, हात जोडत, दोन मिनिटं उभे राहत. वर्षभर. आणि त्या दिवशी शहागंजहून घरी आल्यावर खाटेवर बसून त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, चल भागे, ये समोर. तर समोर आली ती फोटोतली. नथवाली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तीच. शेतातली भागी आठवावी तर शेतात नथ घालून पैठणीत उभी. आजारातली आठवावी तर दवाखान्याच्या खाटेवरही तीच गोरीमोरी परकी बाई.

म्हातारा घाबरला. बायको गेली तेव्हा रडला होता, पण घाबरला नव्हता. बायको एकदा गेली ती गेली. पण आता तिचं तोंडही चाललं होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हातानं, रोज दिवा लावून घालवलं होतं. लाज तर वाटलीच, त्याहून जास्त भीती वाटली.

त्यांनी लोकांना विचारून पाहिलं. चुलतभावजय म्हणाली, तोंड उभट होतं. दूधवाला म्हणाला, छे हो, चांगलं वाटोळं होतं. अमृतानं फोनवर सांगितलं, "आत्याबाईंचे डोळे घारे होते ना?" आणि इंद्रजीत म्हणाला, "आप्पा, कामून डोक्याला ताप करून घ्यायलात? छान केलाय पुतळा. लोकांनी हात जोडले म्हणजे झालं." पोरगं वाईट नव्हतं. बजाजनगरला घर, वाळूजला कंपनीत नोकरी, आईवर जीव होता त्याचा. पण त्यानं कंपनीतल्या साहेबांनाही कार्यक्रमाला बोलावलं होतं, आणि साहेबांपुढं आई नथीत असलेली बरी, असं त्याचं साधं गणित होतं.

आठवडा गेला आणि आप्पासाहेब एकटेच करमाडच्या फाट्यावरून बसमध्ये चढले. शेडच्या दारात उभं राहून त्यांनी सरळ सांगून टाकलं, "पोरी, मला आठवंना. तिचं तोंडच आठवंना. काय करू?"

तबस्सुम हातातली थापी खाली ठेवून त्यांच्याजवळ आली. तिनं त्यांना स्टुलावर बसवलं, चहा मागवला. चहा अर्धा झाल्यावर म्हणाली, "चाचा, उद्या माझी मुलं घेऊन मी लेण्यांत जाणार आहे. विद्यापीठाच्या मागं, डोंगरात. पायऱ्या आहेत, पण बसत बसत चढू. येता?"

"मी? कॉलेजात?"

"फी नाही. फक्त बघायचं."

"बगायला काय शिकायचं असतंय?" आप्पासाहेब म्हणाले खरं, पण म्हणता म्हणता त्यांना स्वतःचंच 'नाकासारखं नाक' हे उत्तर आठवलं आणि त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला.

दुसऱ्या दिवशी दहा-बारा पोरंपोरी, पुढं तबस्सुम आणि मागं काठी टेकत आप्पासाहेब, अशी वरात पायऱ्या चढली. पोरं चांगली होती. सम्यक नावाच्या एका लांब केसांच्या पोरानं त्यांना हात दिला. आप्पासाहेबांनी त्याच्या केसांबद्दल काही बोलायचं मोठ्या कष्टानं टाळलं.

तिसऱ्या लेण्याच्या आत, अगदी शेवटच्या खोलीत, अंधार होता. समोर बुद्धाची भलीथोरली मूर्ती. तबस्सुमनं सगळ्यांना उभं केलं. "मोबाईल खिशात. हात कशालाच लावायचा नाही. किती जुनं, कुणी केलं, हे नंतर. आधी नुसतं बघायचं, मग जे दिसलं तेवढंच सांगायचं. 'छान आहे' म्हणायला बंदी."

"म्हंजे माझ्यासारख्याला नापास करायचाच इचार दिसतोय," आप्पासाहेब पुटपुटले. पोरं हसली.

थोड्या वेळानं सम्यक म्हणाला, "मॅडम, भव्य आहे."

"'भव्य'ही बंद."

"मग काय बोलायचं?"

"काय दिसतंय ते बोल ना बाबा. भव्य हे तुला वाटलं. दिसलं काय?"

पोरगं डोकं खाजवायला लागलं. तोवर आप्पासाहेबांची नजर अंधाराला सरावली होती, आणि त्यांना बाजूची माणसं दिसली. बुद्धाच्या दोन्ही अंगांना गुडघे टेकून बसलेली दगडी माणसं, खऱ्या माणसाएवढी. बाप्ये, बाया. डोक्यावर केसांचे बांधलेले डोलारे, गळ्यात माळा, हात जोडलेले. आप्पासाहेब बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिले.

"चाचा, तुम्ही सांगा," तबस्सुम म्हणाली.

"मला काय कळतंय..."

"कळायचं नंतर. दिसतंय काय?"

"हे बग," आप्पासाहेब सावकाश म्हणाले, "आपण इतके लोक आत आलो, पर ह्यातला एक बी आपल्याकडं बघंना. आमच्या रस्त्यावरचे पुतळे कसं, येनाऱ्या-जानाऱ्याकडं डोळे वटारून बसत्यात. ह्यांना आपलं काय बी पडलं नाय. त्यांचं ध्यान त्यांच्या कामात हाय."

"वा! क्या बात है, चाचा!" तबस्सुम एवढ्या जोरात म्हणाली की आवाज घुमला. "मुलांनो, हे लिहून घ्या. हे दिसणं."

पोरं लिहून घेत होती. आप्पासाहेबांचं तिकडं लक्ष नव्हतं. त्या दगडी बायांपैकी एक त्यांना खुणावत होती. ते काठी टेकत तिच्या डाव्या अंगाला गेले, आणि का कोण जाणे, तिथं जमिनीवर मांडी घालून बसले. तिथून त्या बाईचा गाल दिसत होता, कान दिसत होता, हनुवटीखालची वळलेली मान दिसत होती. तोंड पुढं, जरासं खाली.

आणि एकदम भागूबाई आली. फोटोतली नव्हे, त्यांची. चुलीच्या उजेडात एक गाल लाल झालेली, कानामागची बट सुटलेली, धुरानं एक डोळा बारीक केलेली, हातातली भाकरी थापता थापता जबडा हलवत काहीतरी पुटपुटणारी. आप्पासाहेबांनी जागचं हलण्याचं धाडसच केलं नाही. हललो तर जाईल, असं वाटलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते.

सम्यक घाबरून पाण्याची बाटली घेऊन धावला. "आजोबा, चक्कर आली का?"

"नाय रं लेका. सापडली," आप्पासाहेब म्हणाले.

बाहेर पायरीवर बसल्यावर त्यांनी तबस्सुमला सांगितलं. "मी तिला समोरून बघितलीच नाय कव्हा, पोरी. माझ्या आईसमोर नवऱ्यानं बायकोच्या तोंडाकडं बघायची चाल नव्हती. रस्त्यानं ती माझ्या मागं. गाडीवर बी मागं. रोज दोन टाइम ती चुलीम्होरं आन् मी पाटावर, तिच्या डाव्या हाताला. जल्मभर मी तिला त्याच बाजूनं बघितली. तू मला नाक समोरून इचारलंस, मंग मी कुठून सांगू?"

तबस्सुम हसली. तिचेही डोळे भरले होते. "माझीच चूक. फोटोला एकच बाजू असते. पुतळ्याला चारी बाजूंनी फिरता येतं. हे मी दर वर्षी पोरांना शिकवते, आणि तुम्हाला मात्र समोर उभं करून विचारत बसले."

त्यानंतर पुतळ्याला दुसरा जन्म मिळाला. तबस्सुमनं घोडीवरून माती उतरवून बुटक्या चौरंगावर ठेवली, डाव्या बाजूला आप्पासाहेबांसाठी पाट मांडला, आणि थापीच्या दोन फटक्यांत ते चाफेकळी नाक उडवलं. आप्पासाहेबांना फार बरं वाटलं. नथ गेली, ठुशी गेली, पैठणीच्या जागी साधा पदर आला. आता म्हातारा बोलायला लागला की थांबेना.

"कान मोठा कर. पाळी लोंबती व्हती, जड झुबे घालून घालून. हां, तसं. जबडा रुंद. खायला बसली की गालात इथं हलायचं. आन् ही बट कानामागं ऱ्हायचीच नाय, खोचली तरी सुटायची. डोळा बारीक. अगं, मिटलेला नव्हं, धूर गेल्यावानी बारीक."

"ओठ?"

"खालचा ओठ म्होरं. बोलायच्या आधी ती खालचा ओठ म्होरं काढायची, मंग माझा उद्धार करायची."

तबस्सुमनं ओठ पुढं घेतला. आप्पासाहेबांनी मान हलवली. "ही चिडल्यावानी झाली. चिडलेली नाय. चिडायच्या बेतात हाय."

"तौबा, चाचा! माझ्या परीक्षकांनीही एवढं पिडलं नव्हतं." पण तिनं तीनदा ओठ बदलला. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेले चांदपाशा हे ऐकत हसत होते.

"समोरून खरंच कधी पाहिलं नाही?" एकदा काम करता करता तिनं विचारलं.

"तशी वळायची कवाकवा. 'भागे, मीठ कमी हाय' म्हनलं की भाकरीचा थाळा सोडून आख्खी वळायची माझ्याकडं. डोळे ह्ये येवढे करून."

"रोज कमी पडायचं मीठ?"

"तो कान बग. जरा खाली घे," आप्पासाहेब घाईघाईनं म्हणाले.

पुतळा होत आला आणि एका संध्याकाळी इंद्रजीत कंपनीतून परस्पर शेडवर आला. पाहिलं मात्र, त्याचा पारा चढला. "आप्पा! हे काय करून ठेवलं? नथ कुठाय? पैठणी कुठाय?"

"तिनं नथ लग्नात घातली, मंग पेटीत ठिवली. तुला ठावं नाय व्हय?"

"आन् ही खाली कामून बघायली? लोक येऊन हात जोडत्याल, आन् आई दुसरीकडंच बघायली! पुतळा समोर बघत असतो, आप्पा. समद्या दुनियेत समोर बघतो. भावकी हसंल. माझे साहेब येणारेत, त्यांना मी काय सांगू?"

"सांग, आई कामात हाय."

"तुम्हाला सगळं हसण्यावारी न्यायचं असतं!" इंद्रजीतचा आवाज फाटला. "माझी बी आई होती ती. तुमची एकट्याची बायकोच नव्हती. ती चांगली दिसावी एवढं बी म्हणायचं नाय का मी? जन्मभर धुरात बसली. आता मेल्यावर बी तिला चुलीपुढंच बसवायलात?"

पोराचं म्हणणं खोटं नव्हतं. इंद्रजीत तणतणत निघाला. शेड अरुंद, समोर मातीच्या गोण्या. बाहेर पडायचं तर पुतळ्याच्या मागून वळसा घालूनच जावं लागे. तो मागं गेला आणि तिथंच थांबला.

"इकडं काही केलंच नाय का?" त्यानं विचारलं. आवाज खाली आला होता.

"मागची बाजू कुणी सांगितलीच नाही, भाईजान," तबस्सुम म्हणाली. "चाचांनी तिकडून कधी पाहिलं नाही. मी अंदाजानं अंबाडा बांधलाय."

इंद्रजीत वाकला. अंबाड्याखालच्या मानेकडं बघत राहिला. लहानपणी त्याला सारखा ताप यायचा, आणि भागूबाई त्याला पाठकुळी घेऊन शेतातून करमाडच्या दवाखान्यापर्यंत पळत जायची. त्याचं डोकं तिच्या मानेवर पडलेलं असायचं.

"इथं चामखीळ होती," तो म्हणाला. "उजवीकडं. मी धरून ठेवायचो ती. ओढायचो. ती म्हणायची, सोड की रं मुडद्या, बटन हाय का ते..." आप्पासाहेब पाटावरून मान उंचावून बघत होते. एवढा जन्म काढला आणि बायकोच्या मानेवर चामखीळ आहे हे त्यांना आज कळत होतं.

तबस्सुमनं वाटाण्याएवढी माती गोल करून इंद्रजीतच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती बोटानं मानेवर दाबली. मग काढली, जरा खाली लावली. पुन्हा पाहिलं, आणि आईच्या त्या ओल्या मानेवर कपाळ टेकून घळाघळा रडला. कंपनीचा कडक इस्त्रीचा शर्ट मातीनं भरला तरी तो हलला नाही.

बऱ्याच वेळानं नाक पुसत म्हणाला, "नथ नको मग. तिला टोचायची."

वर्षश्राद्धाच्या दिवशी लिंबाखाली मांडव घातला होता. आप्पासाहेबांनी गवंडी बोलावून चौथऱ्याचे वरचे थर आधीच काढायला लावले होते, त्यामुळं भागूबाई रस्त्यावरच्या बाप्यांसारखी उंचावर नव्हती. जमिनीवर बसलेल्या माणसाएवढ्या उंचीवर होती. पडदा बाजूला झाला, टाळ्या वाजल्या आणि मग कुजबुज सुरू झाली. लोक समोर उभे राहून हात जोडत आणि गोंधळत. "बाई खाली कामून बघायली?" "दागिना बी नाय घातला एक." इंद्रजीतचे साहेब "हुबेहूब" म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना दुसरं काय म्हणता येणार? इंद्रजीत त्यांना हाताला धरून मागच्या बाजूला घेऊन गेला आणि बोटानं मान दाखवत काहीतरी सांगत बसला.

तबस्सुम वडिलांना घेऊन आली होती. लांब बायकांच्या घोळक्याजवळ उभी राहून ती लोक कसे बघतात ते बघत होती. ती चुलतभावजय, तोंड उभट सांगणारी, फिरत फिरत डाव्या बाजूला गेली आणि पदर तोंडाला लावून तिथंच उभी राहिली. "अगं बया," ती म्हणाली, "ही त भागी हाय."

नैवेद्य दाखवून झाला. पिठलं, भाकरी, ठेचा. भागूबाईला गोडधोड आवडायचं नाही. पंगती बसायच्या वेळी इंद्रजीतनं वडिलांसाठी खुर्ची आणली.

"खुर्ची नको. पाट आन," आप्पासाहेब म्हणाले.

पाट त्यांनी स्वतः मांडला. पुतळ्याच्या डाव्या हाताला, त्यांना ठाऊक होतं तेवढ्याच अंतरावर. मांडी घालून बसले. अमृतानं ताट वाढलं. सगळे बघत होते, पण आप्पासाहेबांचं कुणाकडं लक्ष नव्हतं. लिंबातून आलेलं ऊन भागूबाईच्या गालावर पडलं होतं. बट सुटलेली होती. खालचा ओठ पुढं, बोलायच्या बेतात.

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला, तोंडात घातला.

"भागे," ते म्हणाले, "मीठ कमी हाय."

मांडवातलं बोलणं थांबलं. आप्पासाहेब पुतळ्याकडं बघत राहिले. भागूबाई वळली नाही. तिचं ध्यान तिच्या कामात होतं.

त्यांनी पाण्याचा घोट घेतला. मग जरा पुढं सरकून, तिच्या त्या मोठ्या कानाजवळ तोंड नेऊन, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं बोलले. पण मांडव एवढा शांत होता की सगळ्यांनाच ऐकू गेलं.

"नाय गं. बरोबर हाय. कवाच कमी नव्हतं. तू माझ्याकडं वळावंस म्हनून म्हनायचो."

अमृता डोळे पुसत दुसरी भाकरी घेऊन आली. आप्पासाहेबांनी ती ताटात घेतली आणि बायकोच्या शेजारी बसून सावकाश जेवण संपवलं.